कपाटात गायलेल्या गाण्याची श्रेयनामावली

गायन : मी.
गिटार : मी.
ध्वनिमुद्रण, घरच्या घरी, कम्प्युटरवर : मी.
तपासणी : अर्थातच मी.
आभार : गरज पडली नाही.

ही यादी मी शनिवारी सकाळी चहा पिता पिता लिहून टाकली. गाण्याचा एक सूरही काढायच्या आधी! हसू नका. आत्मविश्वास असावा तर असा. आणि का नसावा? मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो पातळ कागद असतो ना, जो कुणीही वाचत नाही? तो मी वाचतो. दोनदा! मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत 'दिवसातून दोनदा'चं 'दिवसातून दोनशेदा' झालेलं मी पकडलेलं आहे. एकोणीस वर्षांत माझ्या नजरेतून एक अनुस्वार निसटलेला नाही. अशा माणसाला साडेतीन मिनिटांचं गाणं मुद्रित करायला कितीसा वेळ लागणार?

तर वाचकहो, वरच्या यादीतली एकेक ओळ आता मी तुमच्यादेखत खोडणार आहे.

पण आधी ताई. गाणं तिच्यासाठी होतं.

माझी ताई बसस्थानकावर घोषणा करते. गेली सव्वीस वर्षं. "फलाट क्रमांक चारवरची गाडी सुटत आहे" हे ती असं म्हणते, की ज्यांना कुठेही जायचं नाही तेसुद्धा पिशवी उचलून उभे राहतात. घरीही तिचा आवाज तोच. ती "भाजीत मीठ कमी आहे" म्हणाली, तर शेजारची बिऱ्हाडं मीठ तपासतात.

त्या आवाजाला गाठ आली. स्वरतंतूवर, एवढीशी. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, साधीच निघाली. पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "एकवीस दिवस पूर्ण मौन. बोलायचं नाही, कुजबुजायचं नाही, गुणगुणायचं नाही, खाकरायचं नाही. आणि मोठ्याने हसायचंही नाही! पाळलंत तर आवाज जसाच्या तसा परत मिळेल. नाही पाळलंत तर माइक विसरा."

माइक सुटला तर ताईला तिकीटखिडकीत बसवणार होते. काचेच्या मागे. भोक पाडलेल्या काचेच्या मागे माझी ताई! 

जिने जन्मात एक वाक्य पोटात ठेवलं नाही, तिने आठ दिवस काढले. आठव्या दिवशी मेसेज आला :

"ठोंब्या, गाणं ओठावर येतंय. काल भांडी घासताना जवळजवळ सुटलंच होतं. तू गाऊन पाठव. जिन्याचं. तू गायलास की मला गायची इच्छाच उरणार नाही."

ठोंब्या म्हणजे मी. शेवटचं वाक्य कौतुकाचं होतं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही.

जिन्याचं गाणं ताईने बारा वर्षांची असताना रचलं. आईबाबा कामावर, आम्ही शाळेतून घरी, घर चौथ्या मजल्यावर आणि जिना भर दुपारीही काळाकुट्ट. मी सहा वर्षांचा. पहिल्याच पायरीवर भोकाड पसरायचो. मग ती माझं मनगट धरून, मजल्यामागे एक ओळ गात, मला वर ओढत न्यायची :

पहिला मजला मांजराचा,
दुसरा मजला गंजक्या दाराचा,
तिसरा मजला खोकणाऱ्याचा,
चौथा मजला आपुल्या घराचा!

पुढे आम्ही मोठे झालो, पण गाणं रद्द झालं नाही. आमच्यात नियमच पडला. घाबरलेल्या माणसाने हे गाणं म्हटलं, की दुसऱ्याने हातातलं काम टाकून यायचं. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी फोनवर म्हटलं होतं. ती आली होती. गाडी हलायच्या आत तिने स्वतःच घोषणा करून ती थांबवली होती म्हणे.

गिटारही तिचीच. मला नोकरी लागली तेव्हा दिली. म्हणजे यादीत 'गीत' ही ओळ मी का घातली नव्हती, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. तेवढा प्रामाणिकपणा माझ्यात आहे. तेवढाच.

आता ध्वनिमुद्रणाची खोली.

खोली म्हणजे हॉलमधलं भिंतीतलं कपाट. एका पुस्तिकेत वाचलं होतं, की कपड्यांनी भरलेल्या कपाटात आवाज घुमत नाही. आमचे सासरे महिनाभर राहायला आलेले, त्यांनी जन्मभर शिंपीकाम केलेलं. मी म्हटलं, "बाबा, कपाटाला आतून रजया लावायच्यात."

त्यांनी टेप काढली. कपाटाचं माप घेतलं. मग माझंही घेतलं!

"माझं कशाला?"

"जावईबापू, अस्तर कपाटाला शिवायचं की तुम्हाला, ते आधी बघायला नको?"

दोन रजया त्यांनी अशा बसवल्या, की कपाट आतून कोटासारखं दिसायला लागलं. भरतकामाच्या गोल चौकटीवर बायकोचा पायमोजा ताणून माइकसमोर लावायची जाळीसुद्धा करून दिली. 'प' आणि 'फ' म्हणताना तोंडाची हवा माइकवर आदळू नये म्हणून. माझ्या गाण्यात 'प' मोजून दोन होते. पण थाटात उणं नको!

कम्प्युटर आत नेता येईना. त्याचा पंखा गिरणीसारखा घरघरतो. म्हणून तो कपाटासमोरच्या जेवणाच्या टेबलावर. माइकची आणि हेडफोनची लांब वायर दाराखालून आत. आत मी, मांडीवर गिटार, डोक्याशी हँगर. कपाटाचं दार आपोआप उघडायचं, म्हणून बायकोने बाहेरून कडी लावायची.

नवा माइक कम्प्युटरला जोडला तेव्हा पडद्यावर एक चौकट उगवली. काहीतरी विचारत होती. मी 'नंतर' दाबलं. ऑफिसात आम्ही सगळे तेच करतो! कम्प्युटर काहीही विचारो, 'नंतर' दाबायचं. एकोणीस वर्षांत माझं काही बिघडलेलं नाही.

शनिवारी गिटार. रविवारी, ती गिटार हेडफोनमध्ये ऐकत, त्यावर गाणं. मग कम्प्युटर दोन्ही थर एकावर एक ठेवतो आणि गाणं तयार. सोपं!

शनिवारी गिटार वाजवली. प्रत्येक वेळी मान हलवली की हँगरचा आकडा तिसऱ्या तारेच्या खुंटीला अडकायचा आणि खुंटी किंचित फिरायची. पण पुढे जे घडलं त्यापुढे ती किरकोळ बाब आहे असं मला वाटलं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा.

रविवारी कपाटात शिरलो, कडी लागली, हेडफोन चढवले. गिटार कुठूनतरी शेजारच्या गावातून आल्यासारखी वाजत होती. मी आवाज वाढवला. तर कानात सासरे!

"जावईबापू अजून कपाटातच?"

आता मला सांगा, मी मुद्रण करतोय आणि हे बाहेर गप्पा मारतायत! मी ओरडलो, "मला सगळं ऐकू येतंय! गप्प बसा!"

जरा वेळाने पुन्हा, "जेवायला द्यायचं का त्यांना?"

"गप्प बसा म्हणतो ना! सोडा मला माझ्यावर!"

बाहेर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. बाहेर बायको आणि सासरे श्वास रोखून, पुतळ्यासारखे बसले होते. माझं गाणं बिघडू नये म्हणून सासऱ्यांनी शिंकसुद्धा गिळली होती. पहिल्यांदा मी ओरडलो तेव्हाच बायको कुजबुजली, "बाबा, गप्प बसूनही बोलणीच खायची असतील, तर बोलून खाऊ या." आणि मग खरोखरच बोलायला लागले.

गाणं संपलं. कडी निघाली. मी घामाने निथळत बाहेर आलो. पडद्यावर दोन थरांच्या लाटा, एकाखाली एक, अगदी भरगच्च!

"ऐकून बघा ना एकदा," बायको म्हणाली.

"ऐकायचं काय त्यात? दिसतंय ना!"

मुद्रितशोधक डोळ्यांनी तपासतो. शिवाय, खरं सांगायचं तर, स्वतःचा आवाज ऐकायचं धैर्य माझ्यात नाही. सोमवारी ऑफिसला जाता जाता गाणं ताईला पाठवून दिलं. खाली एक ओळ : "हे ऐक आणि शांत राहा."

ताईने ते मंगळवारी सकाळी ऐकलं. तिला जेवढं स्पष्ट ऐकू आलं, तेवढं देतो. लांब, खूप लांब, रडवेली गिटार. आणि जवळ, अगदी कानाशी :

सासरे : जावईबापू अजून कपाटातच?
बायको : हो. बाहेरून कडी लावलीय मी.
मी (कुठूनतरी खोलातून) : मला सगळं ऐकू येतंय!
सासरे : जेवायला द्यायचं का त्यांना?
बायको : अजिबात नाही! एकदा दिलं की रोज दाराशी येऊन ओरडत बसतो.
मी : सोडा मला!
सासरे : किती दिवस चालणार हे?
बायको : मंगळवारी दोन माणसं येऊन घेऊन जातील. जिन्यावरून जपून उतरवा म्हणावं, वजन आहे.

आणि या सगळ्याच्या मागे, रजयांच्या आतून, तिचा धाकटा भाऊ कापऱ्या आवाजात गात होता : पहिला मजला मांजराचा...

कळलं ना तुम्हाला? मी 'नंतर' दाबलं होतं. कम्प्युटरने नवा माइक कधी वापरलाच नाही. टेबलावर बसून, स्वतःच्या पोटातल्या माइकने, त्याने दोन दिवस आमचा हॉल मुद्रित केला. प्रश्न शनिवारचे होते. उत्तरं बरीचशी रविवारची होती. जेवायला द्यायचं नव्हतं ते गॅलरीत येणाऱ्या बोक्याला. मंगळवारी जाणार होता तो जुना फ्रिज, आणि ते बायको रविवारी फोनवर सांगत होती. थरावर थर ठेवून त्यांचा असा चोख संवाद जुळला होता, की मी प्रूफ वाचत असतो तर एक स्वल्पविरामसुद्धा बदलला नसता!

ताईने मला चौदा मेसेज केले. छापखान्यात मोबाइल खणात ठेवायचा नियम आहे. पोलिसांना फोन करावा, तर बोलायला बंदी. वहिनीला विचारावं, तर वहिनीच आरोपी! तिने वही घेतली, जाड पेन घेतलं, आणि मिळेल त्या बसमध्ये चढली.

अकरा वाजता चहाच्या सुट्टीत मी खण उघडला. शेवटचा मेसेज : "ठोंब्या, घाबरू नकोस. निघालेय. वहिनीला कळू देऊ नकोस."

मी तो दोनदा वाचला. शुद्धलेखनाची चूक नव्हती. अर्थही नव्हता. पण ताई घाबरलेली होती, आणि घाबरलेली ताई बोलणार होती, एवढं मात्र लख्ख दिसलं. आज फक्त अकरावा दिवस! हातातल्या खोकल्याच्या औषधाचं प्रूफ तसंच टाकून मी पळत सुटलो.

आमच्या इमारतीत शिरलो आणि वरून आवाज आला.

"ओ बाई, बाजूला व्हा की! खांदा निघाला इथे!"

जिन्याच्या मधल्या पोकळीतून मान वर करून पाहिलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये दोन दणकट माणसं. त्यांच्या खांद्यावर, दोरीने आवळलेलं, माझ्याएवढ्या उंचीचं, काहीतरी. ओरखडे पडू नयेत म्हणून बायकोने ते माझ्याच कपाटातल्या रजयांत गुंडाळलेलं. आणि समोर दोन्ही हात पसरून, जिना अडवून, माझी ताई! एका हातात छत्री, दुसऱ्या हातात उघडी वही. वहीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत : आत कोण आहे?

"आत?" पुढचा माणूस म्हणाला. "आत कोण असणार बाई? बर्फाचा ट्रे असेल फार तर!"

"अगं, अहो, ताई, तुम्ही कशा काय?" वरून बायको.

ताईने छत्री तिच्यावर रोखली. मग रजईवर दोन थापा मारल्या. आतून कुणी उत्तर दिलं नाही. फ्रिज काय देणार! ताईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने छाती भरून श्वास घेतला. तो श्वास मी सव्वीस वर्षं ओळखतो. त्यानंतर फलाट क्रमांक चार हादरतो.

तिचं तोंड उघडलं.

मला "बोलू नकोस" म्हणायला हवं होतं. "मी इथे आहे" म्हणायला हवं होतं. पण जिना समोर होता, ताई वर होती, मी खाली होतो, आणि माझ्या तोंडून तेच निघालं जे निघायचं :

"पहिला मजला मांजराचाऽऽ!"

ताई थांबली. तोंड तसंच उघडं.

मी दोन दोन पायऱ्या चढत सुटलो. "दुसरा मजला... गंजक्या... दाराचा!" श्वास संपला. तिसरी ओळ सुरू केली आणि असा ठसका लागला, की पुढचं सगळं खोकण्यातच गेलं. खोकणाऱ्याच्या ओळीला खोकला! आयुष्यात माझं एवढं भावपूर्ण गायन कधी झालेलं नाही.

ताईने तोंड मिटलं. मुकाट वही उलटली आणि लिहिलं : तू बाहेर कसा?

"कुठून बाहेर?" मी विचारलं.

"तुमचा कौटुंबिक कार्यक्रम चालू द्या," मागचा माणूस म्हणाला, "पण आधी हे जाऊ द्या!"

फ्रिज गेला. आम्ही चौघं हॉलमध्ये बसलो. ताईने मोबाइल टेबलावर ठेवून गाणं लावलं, आणि न्यायाधीशासारखी बायकोकडे बघत बसली. दुसऱ्याच वाक्याला बायकोने कपाळाला हात लावला. "अहो ताई, हा बोका! हा बोका आहे! आणि ते फ्रिजचं! अहो, हे दोन वेगवेगळे दिवस आहेत!"

सासरे मात्र मन लावून ऐकत होते. त्यांना जरा कमी ऐकू येतं. "छान आहे," ते म्हणाले. "पण मध्ये हा म्हातारा कोण बडबडतोय?"

आणि ताईला हसू फुटलं.

अरे देवा! हसायचंही नव्हतं! "ताई, नाही! ताई, डॉक्टर!" मी ओरडलो. बायको धावली. सासऱ्यांनी हाताला लागलेला जाळीचा पायमोजा पुढे केला. ताईने तो दातांत धरला. खांदे गदागदा हलत होते, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, आणि आवाज? शून्य. पाच मिनिटं ती तशी हसली. इतकं हसणं आणि इतकी शांतता मी एका खोलीत कधी पाहिलेली नाही. मी तिचं मनगट घट्ट धरून बसलो होतो. लहानपणी ती माझं धरायची, तसं.

हसू ओसरल्यावर तिने बायकोला जवळ ओढलं आणि वहीत लिहिलं : "माफ कर गं. छत्री रोखली तुझ्यावर."

"रोखलीत ते बरं केलंत," बायको म्हणाली. "माझ्या भावाला कुणी कपाटात कोंडलं, तर मीही रोखीन. पण तो असा गात असेल, तर कडी काढणार नाही."

उरलेले दहा दिवस ताई आमच्याकडेच राहिली. सासऱ्यांना बोलायला हवं होतं, तिला ऐकावंच लागत होतं. जोडी जमली! ती रोज ते गाणं ऐकायची. मी म्हटलं, "नव्याने नीट करून देतो, या वेळी 'नंतर' दाबणार नाही." तिने मानेनेच ठाम नाही म्हटलं आणि लिहिलं : "यात सगळे आहेत."

एकविसाव्या दिवशी आम्ही चौघंही दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी घशात आरसा घालून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.  मी मनातल्या मनात दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचलो होतो.

"उत्तम," त्या म्हणाल्या. "आता बोला. एकच वाक्य, सावकाश."

एकवीस दिवसांत जमवलेल्या हजारो वाक्यांतून ताई एक निवडत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले. माझेही. मी हात पुढे केला. आणि तो आवाज आला! तोच, जसाच्या तसा, स्वच्छ, भरदार :

"ठोंब्या, तिसरी तार उतरलेली आहे."

बाहेर प्रतीक्षाकक्षात दोन माणसं पिशवी उचलून उभी राहिली.

तर वाचकहो, ही दुरुस्त प्रत. या वेळी चौघांनी वाचून पास केलेली :

गीत : ताई.
गायन : लांबून, मी.
गिटार : ताईची. तिसरी तार सोडून, मी.
संवाद : बायको आणि सासरे.
अस्तर व जाळी : सासरे.
कडी : बायको.
ध्वनिमुद्रण : कम्प्युटरने स्वतःच्या मनाने केलं.
तपासणी : ताई.
आभार : जागा पुरली नाही.